पडद्याखालचं बटण

या, अशा जवळ या. सतरंजी मोठी आहे, पंखाही इकडेच आहे. माझा आवाज आता मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही, म्हणून म्हणते, पुढे सरका. तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. तिच्यात देव आहे, कीर्तन आहे आणि एक कॉम्प्युटरही आहे. कॉम्प्युटरचं नाव ऐकून तोंड वाकडं करू नका. माझ्या विठ्ठलाला कुठलीच जागा वर्ज्य नाही.

मी नीलिमा. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत मराठी टायपिस्ट होते. गिरगावातली खोली सोडून आम्ही मिरा रोडला शांती नगरात आलो आणि माझ्या जिवाची पंचाईत झाली. घर मोठं मिळालं, खिडकीतून वारा येई, सगळं झालं. पण कीर्तन कुठे ऐकायचं? शेजारी गुजराती, समोर यूपीवाले, वाण्याशी हिंदी, भाजीवालीशी निम्मं हिंदी निम्मं मराठी. सगळी माणसं चांगली, पण कोणाला विचारू की बाई, इथे बुवा कुठे उभे राहतात?

शेवटी एका रिक्षावाल्याने सांगितलं, "राईला जावा ना मावशी. नाथाबुवा हाय तिथं." गेले. खाडीकडचं गाव, अंगणात जाळी वाळत टाकलेली, आणि देवळात हा काळासावळा, उंच माणूस हातात चिपळ्या घेऊन उभा. घरी बोलतील तेव्हा 'हाय' आणि 'न्हाय'. पण एकदा का गळ्यात हार पडला आणि उभे राहिले, की अशी शुद्ध, रसाळ मराठी सुरू व्हायची की मला वाटे यांच्या आत कोणी दुसराच येऊन बसतो. त्या दिवसापासून मी त्यांची पहिल्या रांगेतली श्रोती. नऊ वर्षांत फार तर दोन कीर्तनं चुकवली असतील.

बुवांचं एक आख्यान त्यांचं स्वतःचं होतं, कुठल्या पोथीत सापडायचं नाही. भाईंदरच्या मिठागरावर काम करणाऱ्या बाबाजी नावाच्या भक्ताचं. बाबाजी दर हंगामातलं पहिलं मूठभर मीठ देवापुढे ठेवायचा. एका अवसेला उधाणाची भरती आली, बांध खचला आणि बाबाजी घरात तापाने फणफणलेला. तेव्हा देव मजूर होऊन आला आणि भगदाडाला पाठ लावून भरती ओसरेपर्यंत पाण्यात उभा राहिला. सकाळी देवळात पाहतात तर मूर्तीच्या पाठीला चिखल! हे आख्यान चैत्रातल्या उत्सवात व्हायचं आणि आसपासची माणसं त्यासाठी यायची. बुवांच्या वहीत त्याचे नुसते पदांचे पहिले शब्द होते. बाकी सगळं डोक्यात.

अठ्ठ्याण्णवच्या उत्सवात ते डोकं अडलं. बांध खचला, पाणी शिरलं, आणि बुवा थांबले. तबलजी ठेका वाजवत राहिला, बुवा वही डोळ्यांशी नेत राहिले. पुढे काही आलंच नाही. कशीबशी आरती झाली. देवळाचे पंच दाजी, चांगला माणूस, पण बोलायला फटकळ, ते म्हणाले, "बुवा, आता आराम करा. पुढल्या वर्षी दुसरा बोलावू."

पुढला चैत्र जवळ आला तेव्हा बुवा मला घरच्या ओट्यावर बसून सांगत होते, "ताई, डोल्यांचा इषय हाय. समोर बघतंय तं मदी काला डाग. कडेचं तेवडं दिसतं. वही वाचाया न्हाय येत. न वाचता न्हाय आलं तं मनात बी घाबरं व्हतंय." डॉक्टरांनी सांगितलं होतं, चष्म्याने भागणार नाही, अक्षर मोठं, खूप मोठं असेल तर लागेल.

"मी टाइप करून देते," मी म्हटलं. "अख्खं आख्यान. बोटाएवढी अक्षरं."

"दाजीला बोलून एकदा उभा ऱ्हाऊन बघन," बुवा म्हणाले. "परत अडलं तं चिपल्या देवाच्या पायाशी ठेवन, न परत उचलाचा न्हाय."

हे एवढंच होतं बघा. एका माणसाने पुन्हा उभं राहायचं की नाही.

टाइपरायटरवर बोटाएवढी अक्षरं येत नाहीत. म्हणून मी आमच्या इमारतीखालच्या गाळ्यात गेले. तिथे धम्मपाल कांबळेचा क्लास होता. आईच्या नावाने, 'पंचशीला कॉम्प्युटर क्लास'. घरचे मूळचे परभणीकडचे. पंचविशीतला मुलगा, सकाळी कंपनीत नोकरी, दुपारनंतर क्लास. चार मशीन, सगळी जुनी.

"काकू, हे लिनक्स आहे," तो मोठ्या अभिमानाने म्हणाला. "मासिकाबरोबर सीडी आली होती, बसवून टाकलं. मस्त चालतंय. मराठी फाँट पण टाकलाय, कळा तुमच्या टाइपरायटरसारख्याच लावून देतो. फक्त एक लोचा आहे."

"कसला?"

"ज्यांनी हे बनवलं त्यांच्याकडे मोठे मॉनिटर. त्यांनी खिडक्या त्यांच्या मापाने कापल्या. आपले हे लिलावातले डबे. छोटे, वर ठिपके कमी. त्यामुळे खिडकी उघडली की तिचा खालचा भाग पडद्याच्या खाली जातो."

"खाली म्हणजे कुठे?"

"म्हणजे आहे, पण दिसत नाही."

"मग त्यात काय एवढं," मी म्हटलं. "देवही तसाच आहे."

"देवाला ओके दाबावं लागत नाही, काकू," तो हसत म्हणाला. "इथे ओकेचं बटण नेमकं खालीच असतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी बुवा आले. बरोबर त्यांची बायको सरूबाई, कारण रस्ता ओलांडताना हात धरायला कोणीतरी हवं. सरूबाई ठेंगणी, कपाळावर मोठं कुंकू, कासोटा घट्ट. सकाळी मासळी विकून आलेली, हाताला साबण लावूनही वास राहतोच. ती दाराजवळच्या स्टुलावर बसली. धम्मपालने "मावशी, आत या, पंख्याखाली बसा" म्हटलं तरी हलली नाही. "हितंच बरं हाय. तुमच्या यंत्राला म्हावऱ्याचा वास लागल."

बुवांचा हट्ट असा की टाइप झालेली ओळ ते स्वतः पडद्यावर वाचणार. म्हणून धम्मपालने पडद्यावरची सगळीच अक्षरं वाढवली. अक्षरं वाढली तशा खिडक्या आणखी फुगल्या. आधी नुसतं खालचं बटण जायचं, आता निम्मी खिडकीच गायब.

धम्मपालने आधी एक युक्ती केली. पडदा छोटा तो छोटाच, पण त्याच्यामागे एक मोठं पटांगण आहे असं यंत्राला सांगितलं. माऊस कडेला नेला की अख्खं चित्र सरकायचं आणि लपलेला भाग समोर यायचा. मला गंमत वाटली. बुवांनी मात्र खुर्चीचे दोन्ही हात धरले.

"मास्तर, होडी हालते! थांबवा, थांबवा, मना मलमलतंय."

दाराजवळून सरूबाई म्हणाली, "जलमभर खाडीत गेला, तवा कंदी मलमललं न्हाय. आता खुर्चीत बसून व्हतंय बगा."

"तू गप गो."

ती युक्ती गेली. दुसरी अशी की डाव्या हाताने ऑल्ट दाबून ठेवायचा आणि उजव्या हाताने माऊसने खिडकीच धरून वर ओढायची. धम्मपाल ते असं सहज करायचा, जसं आपण पदर सारखा करतो. मी केलं तर खिडकी हातातून सुटून भलतीकडेच जायची. एकतीस वर्षं जे हात कळांवरून कधी हलले नाहीत, त्यांना तो उंदीर कुठला आवरणार.

बुवा पडद्याकडे मान वाकडी करून, कडेच्या नजरेने बघत होते. म्हणाले, "मास्तर, माज्या डोल्याला कडेचं दिसतं, मदलं न्हाय. न तुमच्या डब्याला मदलं दिसतं, कडेचं न्हाय. दोगं मिलून एक डोला होल."

धम्मपाल इतका हसला की त्याने चहा मागवला.

पहिल्या दोन दिवसांची पानं त्याने स्वतः सांभाळून ठेवली. मग त्याला चुलत बहिणीच्या लग्नाला परभणीला जायचं होतं. नऊ दिवस क्लास बंद. गाळ्याची चावी त्याने माझ्या हातात दिली. म्हणाला, "रोज नवीन पान उघडा, काकू. काम झालं की बंद करा. बंद करताना एक खिडकी येईल, पानाचं नाव विचारेल. तुम्हाला वरचा भाग दिसेल, खालची बटणं दिसणार नाहीत. माऊसच्या नादी लागू नका. नाव टाइप करा, मग टॅब आठ वेळा, आणि एंटर. आठव्याला 'ठेवा'चं बटण आहे. डोळे मिटूनसुद्धा जमेल."

"आठ?"

"आठ."

मला तर आनंदच झाला. आठ म्हणजे आपल्या भजनी ठेक्याच्या मात्रा! नऊ वर्षं पहिल्या रांगेत बसून मांडीवर ज्या मोजल्या त्याच. मी मनात म्हटलं, पांडुरंगा, या यंत्रातसुद्धा तू तुझा ठेका ठेवलास.

नऊ दुपारी आम्ही बसलो. बुवा सांगायचे, मी टाइप करायचे. सुरुवातीला अडखळायचे, मागे जायचे. "न्हाय ताई, ते खोडा, आदी बाबाजीची आई येते." मी खोडायचे. हळूहळू आख्यान उभं राहू लागलं. मिठागरावरची ती पांढरी दुपार, खारं पाणी लागून भेगाळलेले बाबाजीचे पाय, आणि ते पहिलं मूठभर मीठ. बुवा मान तिरकी करून पडद्यावरची ओळ वाचायचे, बोट हवेत फिरवायचे, मग म्हणायचे, "हां. असंच." सरूबाई स्टुलावर बसून कधी सुपारी कातरायची, कधी डुलकी काढायची. आम्हाला तरी तसंच वाटायचं.

आणि रोज संध्याकाळी साडेपाचला मी पान बंद करायचे. खिडकी यायची, अर्धी पडद्याखाली. मी नाव टाइप करायचे, आणि मग मांडीवर डाव्या हाताने ठेका धरून आठ मोजायचे. एंटर. खिडकी जायची, पान जायचं, पडदा स्वच्छ. मी यंत्राला नमस्कार करून कुलूप लावायचे.

बुधवारी धम्मपाल परत आला. शुक्रवारी संध्याकाळी उत्सव होता. त्याने बॅगही घरी ठेवली नव्हती, थेट गाळ्यात आला, प्रिंटरला कागद लावला आणि म्हणाला, "काढू या, काकू. किती पानं झाली?"

"नऊ दिवसांची नऊ मोठी पानं. प्रत्येकातून छापील तीन-चार तरी निघतील."

तो पडद्याकडे बघत राहिला. काहीतरी टाइप केलं, परत बघितलं. "काकू, इथे दोनच आहेत. मी ठेवलेली."

"असं कसं होईल? नीट बघ."

त्याने नीट बघितलं. दुसऱ्या तिन्ही मशीनवरही बघितलं, उगीच, माझ्या समाधानासाठी. मग शांतपणे म्हणाला, "तुम्ही बंद कसं करायचात, ते मला एकदा करून दाखवा."

मी बसले. नवीन पान उघडलं, दोन शब्द टाइप केले, बंद केलं, खिडकी आली. नाव टाइप केलं. मांडीवर हात ठेवला आणि म्हटलं, "एक." मग टॅब दाबायला लागले. "दोन, तीन, चार..."

"थांबा," धम्मपाल म्हणाला. "एक कुठे म्हणालात?"

"इथेच. नावाच्या जागी. उभी आहे तिथे."

"टॅब दाबायच्या आधी?"

"अरे, पहिली मात्रा म्हणजे सम. आपण उभे असतो तीच पहिली. तिथून मोजायचं."

त्याने ऑल्ट धरून खिडकी वर ओढली. तेव्हा मला ती खालची बटणं पहिल्यांदा दिसली, एका ओळीत, शेजारी शेजारी. माझ्या आठ म्हणण्यात टॅब सात वेळाच दाबला जात होता. आठव्याला 'ठेवा' होतं. सातव्याला होतं 'टाकून द्या'.

नऊ दिवस मी रोज संध्याकाळी देवाचं नाव घेऊन बुवांचं आख्यान माझ्या हाताने टाकून देत होते.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. धम्मपाल गडबडला. समोर बसून म्हणाला, "काकू, चूक माझी आहे. आमचे बापूराव, माझे वडील, त्यांची गायन पार्टी होती. बाबासाहेबांची गाणी घेऊन गावोगाव जायचे, ते स्वतः ढोलकीला. त्यांना मी आठ मोजा म्हटलं असतं तर त्यांनीही तुमच्यासारखंच मोजलं असतं. लहानपणापासून ऐकून मला हे कळायला पाहिजे होतं. मी दाबणं मोजलं, तुम्ही मात्रा मोजल्या."

"पण बुवांना कोण सांगणार?"

"मी येतो बरोबर."

आम्ही रिक्षा करून राईला गेलो. बुवा ओट्यावर बसले होते, आमचा आवाज ऐकून उठले. "आली का कागदं?" मी रिक्षात वीस वाक्यं तयार केली होती, त्यातलं एकही आलं नाही. धम्मपालनेच सांगितलं, सरळ, काही न लपवता.

"सगलं गेलं?"

"सुरुवातीचं राहिलंय, बुवा. बाकी गेलं."

"कुटं गेलं?"

"कुठेच नाही," धम्मपाल म्हणाला. "पुसलं गेलं."

बुवा पुन्हा ओट्यावर बसले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मग म्हणाले, "ताई, तुमी रडू नका. तुमी केलं ते देवासाटी केलं. दाजीला निरोप धाडतंय, दुसरा बुवा बगा म्हनून."

आत चुलीजवळ सरूबाई सुकट निवडत बसली होती. तिथूनच म्हणाली, "काय गेलं?"

"आख्यान गेलं."

"कनचं? बाबाजीचं? ते कसं जाल?"

"डब्यातून गेलं. तुला न्हाय समजाचं."

"डब्यातून गेलं तं गेलं. माज्या कानातून कुटं गेलंय?" ती सूप घेऊन दारात आली. "बाबाजी गेला मिठावर. आय बोलली, रं, पयलं मीठ इकू नको. मंग मुकादम आला, त्यानं शिव्या दिल्या. मंग ताप. मंग अवस. मदी ते गानं, कोन गो उबा पान्यान, पाठ लावून बांदाला. न त्याच्या आदी तुमी चार ओली बोलता कनी, भरतीच्या, त्या परवा विसरलाव न मंग मागशी घेतलाव. सोमवारी."

धम्मपालने माझ्याकडे बघितलं. मी बुवांकडे. बुवा मान वाकडी करून, कडेच्या नजरेने, आपल्या बायकोकडे बघत होते. जणू चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

"तू झोपत व्हतीस ना तितं?"

"डोले झोपत व्हते," सरूबाई म्हणाली.

गुरुवारी सकाळी धम्मपालने कंपनीत फोन करून सुट्टी टाकली. आम्ही चौघं पुन्हा गाळ्यात. या वेळी सरूबाई स्टूल सोडून पंख्याखाली आली. ती क्रम सांगायची, बुवा ते आपल्या भाषेत बोलायचे, मी टाइप करायचे. प्रत्येक ओळ बुवा तसेच तिरकं वाचून पाहायचे. बंद करायचं काम धम्मपालने माझ्याकडून काढून घेतलं. त्यात मला अजिबात वाईट वाटलं नाही. तरी शुक्रवारी दुपारपर्यंत, आधीची धरून, छापील सतराच पानं झाली. बाबाजीच्या तापापर्यंत. ठिपक्यांचा प्रिंटर करकरत ती मोठाली अक्षरं काढत होता, एका पानावर जेमतेम आठ ओळी.

"म्होरलं व्हईल तोंडानं," बुवा म्हणाले, पण शेवटचं पान पुन्हा तिरकं धरून वाचलं.

"मी मागं उबी ऱ्हातंय," सरूबाई म्हणाली. "टाल धरून. अडलं तं सबूद देन."

"आपल्यात बाय मानूस मागं उबा ऱ्हात न्हाय. लोक काय बोलतील?"

"लोकांनी मना बाजारात बोंबलताना बगितलंय. टाल वाजवताना बी बगतील."

"न्हाय म्हनजे न्हाय. बायकांत बसाचं. गप."

ती गप बसली. मी काही बोलले नाही. आज वाटतं, बोलायला हवं होतं.

शुक्रवारी तिन्हीसांजेला देऊळ भरलं. राईचे सगळे, उत्तनहून दोघं-तिघं, शांती नगरातून मी पाच-सहा बायकांना पकडून नेलेलं. धम्मपाल खांबाला टेकून उभा. तो देवळात फारसा जाणारा नव्हे, म्हणाला, "मी कागदाला काही झालं तर बघायला आलोय." बुवा उभे राहिले. एका हातात चिपळ्या, दुसऱ्या हातात पान. समोर धरून त्यांना दिसत नसे, म्हणून पान उजवीकडे लांब धरलं होतं आणि नजर मूर्तीकडे. लोकांना वाटलं, बुवा देवाशी बोलतात. आवाज लागला. आई आली, मुकादम आला, पहिलं मीठ देवापुढे पडलं. बायकांनी पदराने डोळे टिपले. मी पानं मोजत होते. पंधरा. सोळा. सतरा.

सतरावं पान संपलं. बुवांनी ते खाली ठेवलं आणि रिकामा हात तसाच हवेत राहिला.

"...आणि अवसेची रात्र. भरती..." बुवा म्हणाले. "भरती..."

तबलजी ठेका धरून राहिला. गेल्या वर्षीचीच शांतता, गेल्या वर्षीच्याच जागी. पुढे बसलेले दाजी गुडघ्यावर हात ठेवून उठू लागले. आरतीचं सांगायला असणार. बुवांनी चिपळ्या खाली केल्या. मी डोळे मिटले. बघवेना.

मग टाळाचा आवाज आला.

डोळे उघडले तर सरूबाई बायकांतून उठून, लोकांच्या मधून वाट काढत, बुवांच्या मागे जाऊन उभी होती. शेजारच्या टाळकऱ्याच्या हातातून टाळ तिने कधी काढून घेतले, त्यालाही कळलं नसावं. पदर कमरेला खोचलेला. कोणाकडे बघत नव्हती. समेवर आली आणि बाजारात लागतो तो चढा, चिरका आवाज तिने देवळात सोडला,

"कोन गो उबा पान्यान, पाठ लावून बांदाला!"

दाजी अर्धे उठलेले तसेच राहिले. मागे कोणीतरी हसलं. बुवांनी मान वळवली. मला वाटलं, आता 'गप गो' म्हणणार. त्यांना ती नीट दिसली की नाही माहीत नाही. त्यांनी मान आणखी तिरकी केली, कडेच्या नजरेने बघितलं. मग पुन्हा मूर्तीकडे वळले आणि हात वर करून तीच ओळ आपल्या आवाजात, आपल्या शुद्ध भाषेत म्हणाले. तिने पुन्हा तिच्या भाषेत म्हटली. मग बुवा पुढे गेले. भरती आली, बांध खचला, मजूर आला. जिथे थांबत तिथे मागून एक शब्द यायचा, फक्त एक, आणि बुवा तो झेलून पुढे. शेवटी शेवटी तर शब्दाची गरज पडत नव्हती, तरी ती द्यायची आणि तेही थांबायचे, तिच्यासाठी.

दाजी खाली बसले. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच्या अंगाखालची चटई काढली आणि सरकवत सरकवत सरूबाईच्या पायाशी नेऊन ठेवली. बुवांच्या पायाखाली सतरंजी होती, ती उघड्या फरशीवर उभी होती ना.

आरती झाल्यावर बुवांनी चिपळ्या देवापुढे ठेवल्या नाहीत. कमरेला खोचल्या. सरूबाईला म्हणाले, "आवाज जरा खाली घेतलास तं चालल."

"पुढल्या वरसाला घेन," ती म्हणाली.

बुवांनी त्यानंतर चार उत्सव केले, आणि चारही वेळा ती मागे उभी होती. आख्यान पुढे आम्ही सावकाशीने पूर्ण टाइप केलं, धम्मपालने त्याच्या तीन प्रती काढल्या, एक माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर नाथाबुवांचं नाव आहे, शेवटच्या पानावर धम्मपालने हट्टाने माझं टाकलंय. सरूबाईचं घालायला गेलो तर तिने आडनाव सांगायला नकार दिला, म्हणाली, "मना वाचाया येत न्हाय, मी त्यात काय करू?" आणि राहून गेलं ते गेलंच. उत्सवाच्या पत्रिकेवरही बुवांचंच नाव असायचं. आता ती दोघंही विठ्ठलाकडे गेली.

म्हणून तुम्हाला एवढंच मागते. कुठेही कीर्तनाला जाल, बुवांच्या मागे कोणी टाळ धरून उभं असेल, पडलेला शब्द उचलून पुढे देत असेल, तर त्या वेळी राईच्या सरूबाईची आठवण काढा. मोठ्याने नको. मनातल्या मनात, एकदा, नाव घेऊन.